बाळंतपणानंतर नवव्या दिवशी ताप आणि लघवीला आग, तर घरीच थांबावं का?

नववा दिवस, थंडी वाजून ताप, लघवीला आग, आणि तुम्ही विचारताय की बहिणीला अजून दोन दिवस घरीच ठेवून बघू का. नाही. आजच न्या. आमच्या घरात माझ्या वेळी अशीच वाट बघितली होती.

२०१६ चा जानेवारी, कोल्हापुरात माहेरी पहिलं बाळंतपण. नॉर्मल, पण टाके पडलेले, आणि लघवी होईना म्हणून एक रात्र नळी घातलेली. घरी आल्यावर सगळं आत्याच्या हातात. खाटेखाली शेगडी, अंगावर दोन वाकळा, आणि दिवसाला मोजून तीन फुलपात्री कोमट पाणी. "जास्त प्यालीस तर पोट सुटंल." बाळ अंगावर पितंय, घामानं कपडे भिजतायत आणि माझ्या घशाला कोरड. लघवी दिवसातून दोनदा, गडद पिवळी. आग व्हायची म्हणून मीही धरून ठेवायची.

सहाव्या दिवशी कापरं भरलं. आत्या म्हणाली, दूध दाटलंय. आईला पटत नव्हतं, पण नणंदेपुढं ती गप्प बसली. आठव्या दिवशी उजव्या बाजूला पाठीत बरगडीखाली अशी कळ उठली की बाळ उचलता येईना. मग रिक्षा बोलावली.

ताप १०३. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर मुठीनं हलकंसं ठोकलं आणि मी किंचाळले. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलेलं. पाच दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, ई. कोलाय आला, म्हणजे आपल्याच आतड्यातला जंतू. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, बाळंतपणानंतर मूत्राशय भरलेलं नीट कळत नाही, त्यात नळी घातलेली. अशा वेळी पाणी तोडायचं म्हणजे जंतूंना मुक्काम करायला सांगायचं. पाण्यानं पोट सुटत नाही, हे मी आत्याला आजही तोंडावर सांगते.

औषध चालू असताना पाजू नको, हेही तिचंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजा, या औषधाला हरकत नाही. मी पाजलं. फक्त आपण अंगावर पाजतोय हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

बहिणीची लघवी तपासायला द्याल तेव्हा कल्चरही करायला सांगा, आणि नमुना गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा हवा. पैशाची अडचण असेल तर कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे.

एक राहिलं. बाळंतिणीचा ताप दरवेळी लघवीचाच असतो असं नाही. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ओटीपोटात दुखणं, टाक्यातून पू, छातीत लाल दुखरी गाठ, हेही बघायला सांगा. गर्भाशयातलं इन्फेक्शन जिवावर बेततं. १००.४ च्या वर ताप गेला की थांबायचं नाही. शुद्ध हरपली, धाप लागली तर सरळ १०८.

दुसऱ्या खेपेला मी उशाशी पाण्याची कळशी ठेवली होती. आत्या आली, कळशीकडं बघितलं, आणि आईनं तिच्यादेखत माझा तांब्या भरला.