वाचकांचे प्रश्न : घरातले फोन आणि घरातली माणसे

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे आम्ही एकत्र राहतो. संध्याकाळी सगळे घरी असतात, पण प्रत्येकाची मान खाली. काही विचारले तर मुलगा वर न बघताच 'हं' म्हणतो. जेवताना फोन नको, असा नियम मी केला होता. तो आठवडाभरही टिकला नाही. धाकटा नातू तर म्हणाला, "आजोबा, तुम्हीच सकाळी तासभर सुविचार पाठवत बसता." नियम टिकवायचा कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नातवाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, त्याच्यावर रागावू नये. आपला नियम मोडला, कारण तो एकाने इतरांसाठी केलेला होता. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते हातातून सुटेनात, तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन करायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला ही कल्पना सगळ्यांच्या पचनी पडली नव्हती. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांना घरोघरी जाऊन लोकांची समजूत घालावी लागली.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी आपल्या घराला उपयोगी पडतील. पहिली म्हणजे, भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. मालिका पाहणाऱ्या आजीलाही त्यातून सूट नाही, त्यामुळे मुलांना 'फक्त आम्हालाच का' असे म्हणायला जागा उरत नाही. दुसरी, मला अधिक महत्त्वाची वाटणारी, म्हणजे बंद करण्याची सूचना घरातल्या कोणाच्या तोंडून येत नाही. वडील ओरडले की भांडण होते; भोंगा वाजला तर भांडायचे कोणाशी? आपल्याकडे मंदिराचा भोंगा नसेल, पण कुकरची शेवटची शिट्टी आहे. ती झाली की पाचही फोन दिवाणखान्यातल्या कपाटात जातील आणि मागचे आवरून झाल्यावरच बाहेर येतील, असे सर्वांनी बसून ठरवावे, आणि पहिला फोन आपला असावा. सुनेला किंवा मुलाला कामाचा फोन येण्याची शक्यता असेल तर तेवढ्यापुरती घंटी चालू ठेवावी. अशी सवलत आधीच बोलून ठेवली म्हणजे ती पळवाट होत नाही.

कपाटच का, ताटाशेजारी पालथा ठेवला तर काय बिघडते, असे मुलगा विचारील. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तीनशेहून अधिक माणसे मित्रांबरोबर किंवा कुटुंबीयांबरोबर कॅफेत जेवली; काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितले होते, काहींना नजरेआड. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि जेवणाचा आनंद थोडा कमी झाला. 'थोडा' हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण फोनमुळे कुटुंबे उद्ध्वस्त होतात अशी ओरड करणाऱ्यांना असे निष्कर्ष फुगवून सांगण्याची सवय असते. मात्र 'थोडा' रोज दोन्ही वेळच्या जेवणाला लागू होतो, हेही विसरू नये.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्ही सर्व नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. माझे मोठे दीर आणि जाऊबाई रुसले आहेत; "मोबाईलवर बोलावणे करतात का?" असे त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकवले. आजच्या काळात ही अपेक्षा योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सरसकट सर्वांकडून ती अपेक्षा योग्य नाही, थोरल्या दिरांची मात्र आहे. सोयीचे मार्ग फोनने आणले असे आपण समजतो, पण 'समक्ष भेटीस येणे शक्य न झाल्यास हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे' ही ओळ छापील पत्रिकेत कित्येक वर्षे होतीच. तारेच्या काळात तर शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकाने ठरलेली असत. पाठवणारा फक्त क्रमांक निवडी आणि मांडवात ते वाक्य पोहोचे. कोणालाही त्यात अपमान वाटला नाही, कारण तार दूरच्या माणसाकडून येई. जवळच्या माणसाने मात्र हळदीकुंकवाची पत्रिका आणि अक्षता घेऊन दारात यायचे, हा भेद सर्वांना ठाऊक होता. व्हॉट्सॲपवर एकाच बोटाने दोनशे जणांना पत्रिका गेली तेव्हा हा भेद पुसला गेला आणि थोरले दीर कार्यालयातील सहकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

आता खुलासे करत बसू नका, आणि त्या ग्रुपवर तर मुळीच नको. आपण उभयतांनी एका संध्याकाळी त्यांच्या घरी जावे, देवापुढे पत्रिका ठेवावी, जाऊबाईंना कुंकू लावावे आणि चहा घेऊन यावे. शक्य असल्यास लग्नातले एखादे काम दिरांवर सोपवावे. रुसलेल्या वडीलधाऱ्याला 'या' म्हटल्यापेक्षा 'जेवणावळीकडे तुम्हीच बघा' म्हटलेले अधिक पटते. परगावच्या ज्येष्ठांना पत्रिका फोनवर गेली तरी चालेल, मात्र त्याआधी आपला आवाज त्यांच्या कानी पडायला हवा.

प्रश्न : मैत्रिणीला पाठवलेल्या संदेशावर निळ्या खुणा दिसतात, तरी ती दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. ती मला टाळते आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निळ्या खुणेचा अर्थ संवाद उघडला गेला, एवढाच असतो. बसमध्ये उभ्याने, भाजी घेताना किंवा चुकूनही तो उघडतो. या खुणा 2014 मध्ये आल्या आणि पूर्वी आपल्याला न कळणारी विलंबाची बाब डोळ्यांपुढे आली; पत्र पोस्टमनने दिले, तरी ते फोडले की नाही याचा पत्ता पाठवणाऱ्याला लागत नसे. सेटिंगमध्ये ही सूचना बंद करता येते. मग आपल्यालाही इतरांच्या निळ्या खुणा दिसत नाहीत, मात्र ग्रुपमध्ये त्या दिसतच राहतात. महिनाभर बंद करून पाहावी. आणि मैत्रिणीला खरोखर काही विचारायचे असेल, तर रविवारी सकाळी सरळ फोन लावावा.