आधी पंजा लिही

प्रिय मुली,

परवा पार्क चौकात रिक्षा थांबवून तू वडिलांची सांकेतिक भाषा, हातांच्या खुणा, उतरवायला घेतलेली वही दाखवलीस आणि म्हणालीस, "बाई, तीन पद्धती पाहिल्या, कुठली धरू कळेना. सरळ व्हिडिओच काढून ठेवते." मी तिथं गप्प बसले, कारण तुझं पहिलंच पान माझ्या जुन्या वहीसारखं निघालं. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द. हात कुठंच नाही.

अर्थ लिहू नकोस. हात लिही.

बहिऱ्या मुलांच्या आमच्या शाळेत तुझ्या वडिलांच्या वर्गातला एक मुलगा पुढं अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात लागला. मागांच्या खडखडाटात ऐकू येणाऱ्यांनाही हातानंच बोलावं लागायचं, त्यामुळं तिथं त्याची भाषा सगळ्यांत पुढं. त्यानं मला कामाच्या चाळीसेक खुणा दाखवल्या: ताणा तुटला, कांडी संपली, कार्ड चुकलं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी नळी; त्याची खूण मी लिहिली, "धोटा – हात इकडून तिकडे." तो आता नाही. पंजा उताणा होता की पालथा? बोटं मिटलेली होती की नुसता अंगठा आत? हात छातीपाशी फिरला की पोटापाशी? माझ्या वहीत "धोटा" हा शब्द आहे, आणि तो तर मला आधीच येत होता.

चादरीवरचा मोर कसा टिकतो हे तुझ्या घरात सांगायला नको. आलेखाच्या कागदावर चौकोन भरतात, त्यावरून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डांना भोकं पाडतात. कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा, कार्डावर एवढंच असतं. नुसतं "मोर" लिहिलेलं कार्ड मागाला लावलं तर काय विणून निघेल?

आता पद्धतीचं. भाषाशास्त्रज्ञ स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकेतल्या खुणांची फोड केली: जागा, पंजा, हालचाल. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची पद्धत पंजा, त्याची दिशा, जागा आणि हालचाल एका ओळीत मांडते; संशोधनाला ती उत्तम. तू व्हॅलरी सटनबाईंची साइनरायटिंग घे. १९७४ पासूनची आहे आणि चित्रासारखी दिसते, म्हणून वडील शेजारी बसून तुझी चूक दाखवू शकतील. त्यात खूण करणाऱ्याच्या नजरेनं लिहायचं. स्वतःचा तळहात दिसतो तेव्हा पंजा पांढरा, हाताची पाठ दिसते तेव्हा काळा, कडेनं दिसतो तेव्हा अर्धा-अर्धा. दुहेरी दांड्याचा बाण भिंतीला समांतर हालचालीचा, एकेरी दांड्याचा जमिनीला समांतर हालचालीचा. चेहरा विसरू नकोस. नुसत्या भुवया उचलल्या तरी वाक्याचा प्रश्न होतो.

पण पद्धतीच्या निवडीत अडकलीस तर मला राग येईल. चिन्हं आठवली नाहीत तर मराठीत लिही: "उजवा पंजा पालथा, बोटं जोडून, छातीसमोर, डावीकडून उजवीकडे, दोनदा." हात लिही, मग चिन्हं नंतर लाव.

व्हिडिओ काढ, जरूर काढ. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्रानं दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओतच केला आहे, मी तो रोज उघडते. पण व्हिडिओ तुला काही ठरवायला लावत नाही. मनगट वळलं तो खुणेचा भाग, की रात्रपाळीनं वडील थकले होते म्हणून? लिहायला बसलीस की हे विचारावंच लागतं. विचारलंस तरच कळतं.

माझ्या वेळी पद्धत हाती नव्हती असं मी लोकांना सांगते. ते पुरतं खरं नाही. उताणा-पालथा हे शब्द मला येत होते. पण तेव्हा वर्गात हात हलवायलाच बंदी. मुलांनी ओठांनीच बोलायचं हा बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेचा ठराव आमच्यापर्यंत नियम होऊन आला होता. मुलांचे हात मी स्वतः बाकावर ठेवायला लावले, तुझ्या वडिलांचेही. संध्याकाळी मात्र चोरून वही भरायची. तेवढं तरी मी केलं, दुसरं कुणी केलं नाही, हे मी अजून धरून आहे. तरी धोटा गेला तो गेलाच.

तुझे वडील त्याच कारखान्यात दोन वर्षं होते ना? रविवारी त्यांना घेऊन ये. धोट्याची खूण करून दाखवायला सांगू. त्यांनी हात उचलला की तू माझ्याकडं बघू नकोस, अर्थ विचारू नकोस. आधी पंजा बघ, उताणा की पालथा, आणि तिथल्या तिथं लिही.

तुझ्या बाई