लायोलचा चाकू अस्सल आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न : नमस्कार, आम्ही फ्रान्सला फिरायला गेलो होतो तेव्हा एका बाजारातून लाकडी मुठीचा घडीचा चाकू घेतला. पात्यावर लागियोल असं कोरलंय, वर छोटी मधमाशी पण आहे आणि दुकानदार म्हणाला हाताने बनवलाय. पण उघडल्यावर पातं लॉकच होत नाही, त्यामुळे आता शंका येतेय. फसलो का आम्ही? आणि हा धाकट्या भावाला द्यायचाय, पण चाकू भेट देऊ नये म्हणतात, ते खरंय का?

उत्तर : लॉक नाही म्हणून घाबरू नका, लायोलला (लिहितात लागियोल, पण तिकडे म्हणतात लायोल) लॉक नसतोच. मुठीच्या पाठीवर जी लांब पोलादी स्प्रिंग दिसते ना तीच पातं उघडं धरून ठेवते, म्हणून याने काही उचकटायला जाऊ नका, उलटा जोर पडला की पातं बोटांवर मिटतं. फिरवायच्या रिंगचा लॉक असतो तो ओपिनेलला, तो फ्रान्समधल्याच आल्प्सकडच्या साव्हॉय भागातला वेगळा चाकू.

खरी अडचण नावाची आहे. लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या ऑब्राकच्या पठारावरचं गाव, तिथे 1829 मधे पिएर-जाँ कालमेल यांनी हा चाकू घडवला. मूळचा गुराख्यांचा, शेतकऱ्यांचा चाकू, मग 1880 च्या सुमारास कॉर्कस्क्रूवाला (बाटलीचं बूच काढायचा स्क्रू असलेला) आला कारण तिकडची माणसं पॅरिसच्या कॅफेत कामाला जायला लागली होती. पुढे बराचसा माल तिएर या शहरात बनायला लागला, तिथलेही कारागीर उत्तमच आहेत, पण ते नाव वर्षानुवर्षं कुणीही वापरलं, पार फ्रान्सबाहेरचा स्वस्त माल पण लायोल म्हणून विकला जातो. म्हणून नुसतं नाव आणि माशी यावर अजिबात जाऊ नका. (ती माशी नेपोलियनने बहाल केली असं दुकानात सांगतात, पण नेपोलियन 1821 लाच वारला, म्हणजे हा चाकू घडायच्या आधीच.)

त्यापेक्षा चाकू उजेडात धरा. स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी कानशीने केलेली असेल तर रेषा अगदी जुळ्या नसतात, बारीक फरक दिसतो, साच्यातली मात्र गुळगुळीत आणि एकसारखी असते. मग लाकूड आणि धातूच्या सांध्यावरून नख फिरवा, ते कुठेही अडकायला नको. मिटल्यावर पातं मधोमध बसतंय ना ते बघा आणि बनवणाऱ्याचं नाव पात्यावर आहे का तेही शोधा. एवढं जुळलं तर काळजी सोडा, चांगली वस्तू आहे.

आणि प्लीज, मिटताना पातं खटकन सोडू नका! मी सुरुवातीला तेच करायचो, धार आतल्या स्प्रिंगवर आपटून पात्याच्या मधेच खाच पडली, ती दगडावर घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या, अजून हळहळ वाटते. पातं बोटांनी धरून हळू मिटायचं. डिशवॉशरमधे घालायचा नाही, पाण्यात भिजत ठेवायचा नाही, पुसून कोरडा करायचा आणि अधूनमधून मुठीला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा.

भावाला बिनधास्त द्या. चाकूने मैत्री तुटते असं फ्रान्समधेही मानतात, त्यावर त्यांचा उपाय म्हणजे घेणाऱ्याने एक नाणं परत द्यायचं, मग ती भेट न राहता विक्री झाली. भावाकडून एक नाणं तेवढं आठवणीने घ्या.