शेवटचं घर नवंकोरं की वापरलेलं? डोंबिवलीच्या एका काकूंना उत्तर

नमस्कार काकू,

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. आकडे इतके नीट मांडून फार थोडे लोक पाठवतात. शाळेत तुम्ही गणित शिकवत असणार, असं वाचताना वाटलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते.

काका ७२ वर्षांचे, काकू ६८. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, लिफ्ट नाही, काकांचे दोन्ही गुडघे दुखतात. काकूंना अनुदानित शाळेचं ३८,००० रुपये पेन्शन, काकांना ईपीएसचे (पीएफ खात्याकडून मिळणाऱ्या पेन्शनचे) २,४००. बँकेत ३४ लाख. डोंबिवलीच्या फ्लॅटचे ८२ लाख येतील असा अंदाज. मुलगी ठाण्यात. दोघांना पुण्यात, बावधनच्या बाजूला, ज्येष्ठांसाठीच्या संकुलात राहायला जायचंय आणि समोर दोन वन-बीएचके आहेत. पहिला बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातला, ६४ लाखांचा, ताबा अडीच वर्षांनी. दुसरा दहा वर्षं जुन्या संकुलातला, ५२ लाखांचा, आज रिकामा. काकूंचा कल दुसऱ्याकडे आहे. काका म्हणतात, "जन्मभर दुसऱ्यांनी वापरलेल्या जागेत राहिलो. शेवटच्या घराचं कुलूप तरी पहिल्यांदा मी उघडीन."

काकांचं हे वाक्य मी बाजूला ठेवणार नाही. पण आधी हिशेब.

नव्या फ्लॅटची किंमत ६४ लाख. बांधकाम सुरू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख २० हजार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ४८ हजार. नोंदणी फी ३० हजार. बिल्डर देखभालीसाठी एकरकमी ३ लाख मागतोय. बेरीज ७४ लाख ९८ हजार, म्हणजे ७५ लाखच धरा. जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. ५२ लाखांवर मुद्रांक शुल्क ३ लाख ६४ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का धरून ५२ हजार, सोसायटीची हस्तांतर फी २५ हजार. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला याहून जास्त घेता येत नाही. पण ते संकुल अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेलं असेल तर त्यांचा वेगळा नियम असू शकतो, तेव्हा कागद मागून बघा. बाथरूम, वायरिंग, रंग यासाठी मी अडीच लाख धरलेत. एकूण ५९ लाख २१ हजार.

फरक पावणेसोळा लाखांचा. ही रक्कम सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये होतात. तुम्ही दोघांच्या मेसचा खर्च १२,००० लिहिलाय. म्हणजे जेवणाचा बहुतेक खर्च या फरकाच्या व्याजातूनच निघेल.

आणि फरक एवढ्यावर थांबत नाही. नव्या फ्लॅटचे हप्ते बांधकाम जसं वर चढेल तसे, स्लॅबप्रमाणे भरायचे, म्हणजे डोंबिवलीचं घर आधी विकावं लागणार. मग अडीच वर्षं राहायचं कुठे? लिफ्टच्या इमारतीत १८,००० भाडं धरलं तर ३० महिन्यांचे ५ लाख ४० हजार होतात. पुन्हा दोनदा सामान बांधायचं, तेही काकांचे गुडघे असे असताना.

ताबा वेळेवर मिळेल असं धरूनच हे सगळं मांडलंय. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर ताब्याची जाहीर तारीख बघता येते, उशीर झाला तर व्याजही मागता येतं. कायदा चांगलाच आहे. पण माझ्या मामांनी असंच एका प्रकल्पात घर घेतलं होतं. ताबा आधी एक वर्षाने आणि मग आणखी एका वर्षाने पुढे गेला, आणि तेवढ्यात मामा गेले. बाल्कनीसाठी हौसेने घेतलेली त्यांची आरामखुर्ची मामीकडे अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. व्याज मामीला मिळालं. म्हणून ७२ व्या वर्षी अडीच वर्षं हा मला किरकोळ मुद्दा वाटत नाही.

आता तुमच्या पत्रात न आलेल्या गोष्टीकडे येते. लिहिताना माझाही हात जड होतो, पण हे बोलायलाच हवं. घरातलं मोठं उत्पन्न तुमचं पेन्शन आहे. तुम्ही आधी गेलात तर काकांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पूर्ण पेन्शन नाही. तुम्ही पेन्शन विकलेलं नाही, म्हणजे त्याचा भाग एकरकमी उचललेला नाही, त्यामुळे हिशेब सरळ आहे: पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के असतं, कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. म्हणजे ३८,००० चे २२,८०० होतील.

नवं घर घेतलं, तर भाडं जाऊन आणि दवाखान्यासाठी १० लाख वेगळे ठेवून तुमच्याकडे साडेपंचवीस लाख उरतात. त्याचं व्याज महिन्याला साडेसतरा हजार. एकट्या काकांची आवक २२,८०० अधिक २,४०० अधिक १७,५००, म्हणजे ४२,७००. खर्चात नव्या संकुलाचा मेंटेनन्स ९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १०,६२०, जेवण ६,०००, मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोतून बारा तासांसाठी बाई ठेवली तर २२,०००. झाले साडेअडतीस हजार. चार हजारात औषधं, फोन, वीज, सगळं. जुन्या घरात हेच गणित करून बघा. १० लाख बाजूला ठेवून ४७ लाख उरतात, व्याज ३२,०००, आवक ५७,००० च्या आसपास. मेंटेनन्स ६,५०० धरूनही खर्च ३४,५००. हातात बावीस हजारांच्या वर उरतात. एकाच्या नावावर या स्कीमची मर्यादा ३० लाखांची आहे, त्यामुळे पुढे थोडं व्याज कमी होईल, तरी फरक मोठाच राहतो. व्याज वाढत नाही आणि ब्यूरोचे दर दरवर्षी वाढतात, हेही लक्षात ठेवा.

माझं मत जुन्या घराच्या बाजूने आहे, आणि ते मुख्यतः या वरच्या हिशेबामुळे.

पण जुनं म्हणून डोळे मिटून घेऊ नका. अशी घरं बघायला जाताना मी पर्समध्ये टेप ठेवते. मागे एका जोडप्याबरोबर गेले होते. हॉल सुरेख, खिडकीतून टेकडी दिसत होती, दोघं खुश होती. बाथरूमचा दरवाजा मोजला तर २६ इंच, आणि खाली दीड इंचाचा उंबरा. व्हीलचेअर आत जाणार कशी? महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले, त्यात दरवाजे निदान ९०० मिलिमीटरचे, म्हणजे ३५ इंचांचे, सांगितलेत. नव्या इमारतीची ही खरी जमेची बाजू आहे. पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो दुरुस्त करून द्यायचा, ही दुसरी. जुन्या घरात हा दरवाजा रुंद करता येतो का, मध्ये कॉलम येतो का, हे गवंड्याला दाखवून मगच भाव बोला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का तेही बघा.

जुन्या संकुलाची मोठी गोष्ट म्हणजे तिथली व्यवस्था आज चालू आहे आणि तुम्हाला चाखून बघता येते. तिथे भाड्याने दोन महिने राहा, जमलं तर पावसाळ्यात. मेसमध्ये दुपारी बसा. वाढणाऱ्या बाईंना कोणाला अळणी लागतं, कोणाची पोळी मऊ हवी, हे न विचारता ठाऊक असेल तर त्या जागेला काही अर्थ आहे. रात्री दोनला घंटा वाजवली तर कोण येतं, हे शेजाऱ्यांना विचारा. नव्या संकुलात पुरेशी माणसं राहायला येईपर्यंत मेसही धड चालत नाही, हे मी पाहिलंय.

आता कागद. तुम्ही लिहिलंत की तो फ्लॅट एका आजींचा होता, त्या गेल्या, मुलगा अमेरिकेत आहे आणि तो विकतोय. एक मुलगी नागपूरला आहे, हे तुम्ही सहज जाता जाता लिहिलंत, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मुलगा नॉमिनी असला म्हणून मालक ठरत नाही. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर तिचीही सही. दुसरं, विकणारा अनिवासी असल्यामुळे किमतीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापून भरायचा नेहमीचा नियम इथे चालत नाही. १२.५ टक्के आणि वर सरचार्ज व सेस, म्हणजे साडेसहा लाखांच्या वर रक्कम तुम्हाला कापून भरावी लागेल. नाही कापली तर आयकर खातं तुमच्याकडे मागेल. मुलाने कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणला तर गोष्ट वेगळी. हे काम सीएकडूनच करून घ्या.

डोंबिवलीच्या विक्रीवरच्या कराचंही त्याच बैठकीत विचारा. घर १९९४ चं आहे, तेव्हा १ एप्रिल २००१ ची किंमत सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून घ्यावी लागेल. नफ्याएवढी रक्कम नव्या घरात गुंतली नाही, तर उरलेल्या भागावर थोडा कर बसू शकतो. जुन्या घराची ही एक बाजू वजा धरा. विक्रीनंतर तयार घर घ्यायला दोन वर्षं असतात आणि बांधायला तीन, त्यामुळे बिल्डरकडे उशीर झाला तर तिथेही प्रश्न येतो. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलंय. ते खरं आहे. पण डोंबिवलीचं घर काकांच्या नावावर आहे आणि करसवलत विकणाऱ्याला मिळते. ५२ हजार वाचवायला जाऊन वाद ओढवून घेऊ नका, काकांचं नाव पहिलं ठेवून दोघांच्या नावे घ्या.

मुलीलाही एकदा समोर बसवून सांगा की हे घर पुढे तिला स्वतःला राहायला मिळणार नाही, वयाची अट आहे. विकायचं तर ज्येष्ठच गिऱ्हाईक शोधावं लागेल, वेळ लागेल. आज नवं ६४ आणि जुनं ५२ असा जो फरक तुम्हाला दिसतोय, तसा तोटा दहा वर्षांनी तिच्या वाट्याला येईल. ६४ देऊन घ्याल तर तोटा जास्त होईल.

आता काकांचं कुलूप. नव्या प्रकल्पाचा पहिला टप्पा पूर्ण झालाय असं तुम्ही लिहिलंय. त्यात बिल्डरकडे एखादा न विकलेला फ्लॅट उरलाय का विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेलं असेल तर जीएसटी नाही, भाडंही नाही, आणि कुलूप काकाच उघडतील. ६० लाखांच्या आत मिळाला तर मला लिहा, आपण गणित पुन्हा मांडू. नाही मिळाला, तर जुन्या घरातली बाथरूम पूर्ण नवी करा, दार बदला, वास्तुशांत करा. त्या घरात आजी गेल्या, हे काकांना खटकतंय असं तुम्ही कंसात लिहिलंय. मन शांत व्हायला जे लागेल ते करा, बाथरूम आणि रंगाचा खर्च मी धरलाच आहे.

फ्लॅट चौदा महिने रिकामा आहे आणि मुलगा तिकडून मेंटेनन्स भरतोय. ४८ पासून बोलायला सुरुवात करा. आणि बहिणीच्या सहीचा कागद डोळ्यांनी बघेपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका.