रनिंगसाठी वजन उतरवलं, खाणंही कमी केलं, तरी टायमिंग बिघडतंय, सतत थकवा आहे आणि दोन-तीन महिने पाळी आली नाही. अजून वजन कमी करू का?

अजिबात नको. पाळीचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण खरा प्रश्न तोच आहे.

माझी बंद झाली तेव्हा आमचे सर म्हणाले होते, "चांगलंय, म्हणजे ट्रेनिंग लागू पडतंय." दर आठवड्याला काट्यावर उभं करायचे आणि आकडा सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असा वाचायचे. सुरुवातीला माझं टायमिंग सुधारलं पण, त्यामुळे सर खूश, मग नडगी दुखायला लागली तर म्हणे बर्फ लाव आणि पळ, शेवटी एमआरआय केला तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पाळीचंच विचारलं. मी मनात म्हटलं, नडगीचा आणि त्याचा काय संबंध?

तर संबंध असा, की व्यायामात जळून उरलेल्या कॅलरीवर बाकी शरीर चालतं. ते कमी पडलं की मेंदू अंडाशयाला जाणारे सिग्नल कमी करतो, इस्ट्रोजेन घसरतं आणि हाडं कमजोर व्हायला लागतात. ह्याला रेड-एस (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव आणलं. मुलांनाही होतं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन पडतं, फक्त पाळीसारखी खूण नसल्याने पटकन कळत नाही.

हिशोब करून बघा. समजा एका बाईचं वजन ५५ किलो, त्यातली चरबी सोडून ४४. दिवसाला खाते १८०० कॅलरी, पळण्यात जातात ६००, उरल्या १२००, म्हणजे त्या ४४ किलोंवर किलोमागे २७. साधारण ४५ हव्यात, ३० च्या खाली गडबड. म्हणजे ह्या बाईने २६०० च्या आसपास खायला पाहिजे, आणि आमचे सर "रात्रीचं जेवण सोड" सांगायचे! अजूनही कुठे भेटले की म्हणतात तुझ्यात जिद्द कमी होती. जिद्दीने हाड जुळत नाही हो सर.

हां, ३० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, माणसागणिक बदलतं. आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोन), आयर्न, प्रेग्नन्सी हे सगळं आधी तपासून घ्या, मी डॉक्टर नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी ब्लीडिंग झालं तर पाळी परत आली असं समजू नका, मूळ दुखणं तसंच राहतं. आणि तुमचा कोच काट्यावर उभं करत असेल तर कोच बदला, टायमिंगचं नंतर बघू.