सारखा कान खाजवतोय? आधी आत काय आहे ते पाहा

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर साडेतीन वर्षांचा आहे. पाऊस सुरू झाला की दोन्ही कान खाजवतो, डोकं झटकत राहतो. कानातून तपकिरी, चिकट मळ निघतो आणि आंबूस वास येतो. गेल्या वर्षीचे उरलेले ड्रॉप्स घातले की आठवडाभर बरा असतो, मग पुन्हा तेच. सासूबाई कोमट खोबरेल घालायला सांगतात. घालावं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तेल नको. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते; पडदा त्या वळणापलीकडे असतो. त्यामुळे आत गेलेलं पाणी किंवा तेल सहजासहजी बाहेर येत नाही. तेलाने मळ आतच चिकटून बसतो आणि डॉक्टरांना तपासताना पडदाही नीट दिसत नाही.

तुम्ही केलेलं वर्णन बुरशीच्या संसर्गाशी जुळतं. मॅलॅसेझिया नावाची बुरशी निरोगी कानातही थोडी असतेच. लोंबत्या पाळीखाली पावसाळी दमटपणा साठला की ती माजते. पण फक्त बुरशीच असेल असं वासावरून ठरवू नका. पिवळा-हिरवट पू आणि जास्त दुखणं असेल तर बहुधा जिवाणू असतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. डॉक्टर काडीवर थोडा मळ घेऊन, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात. काही मिनिटांचं काम आहे, आणि औषध त्यावरच ठरतं. ही तपासणी झाली नाही तर स्वतःहून मागा.

ड्रॉप्सनी आठवडाभरच का बरं वाटतं? या ड्रॉप्समध्ये बहुतेकदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं तिन्ही असतं. स्टिरॉइड खाज लवकर थांबवतं, म्हणून आपण औषध थांबवतो. बुरशी मात्र पुरती गेलेली नसते. शिवाय पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारख्या औषधाने ऐकण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी कानात बघायचं, मग औषध घालायचं. कोर्स संपल्यावर मायक्रोस्कोपखाली पुन्हा बघून घ्या. कान वरून स्वच्छ दिसतोय एवढ्यावर थांबू नका.

घरी कान साफ करायचा तो असा. कुत्र्यांसाठीचा इअर क्लीनर आणा आणि बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा. पाळी वर धरा आणि द्रव कानाच्या तोंडाशी दिसेपर्यंत ओता. दोन-चार थेंबांनी काही होत नाही. बाटलीचं टोक कानाला लावू नका, नाहीतर संसर्ग बाटलीत जातो. मग पाळीच्या खाली, गालामागे नळी बोटांना लागते, ती अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच आवाज आला म्हणजे द्रव योग्य ठिकाणी पोचला. आता त्याला मनसोक्त डोकं झटकू द्या (हे काम बाथरूममध्ये करा) आणि वर आलेला मळ कापसाने टिपा, बोट जाईल तेवढाच. इअरबड नको, त्याने मळ वळणापलीकडे ढकलला जातो. स्पिरिट, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको; सोललेल्या कातडीवर ते झोंबतात. ड्रॉप्स घालायचे असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबून घाला. हात लावताच कुत्रा ओरडला तर साफ करणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या.

कान बरे झाल्यावर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि आंघोळीनंतर एवढी सफाई पुरते. रोज धुतल्याने उलट आत ओल राहते.

आता मूळ कारण. दोन्ही कान दरवर्षी बिघडतात तेव्हा मागे बहुधा ॲलर्जी असते. तो पंजे चाटतो का, काखा आणि पोट लाल होतं का, हे बघा. फक्त पावसाळ्यात त्रास होत असेल तर हवेतल्या गोष्टींकडे संशय जातो, बारा महिने असेल तर आहाराकडेही. आहाराची चाचणी म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच अन्न निदान आठ आठवडे द्यायचं. त्या काळात बिस्किट, दूध, पोळीचा तुकडा काहीही नाही. घरातल्या एकाने जरी लपवून काही दिलं तरी चाचणी वाया जाते, म्हणून सासूबाईंनाही आधीच समजावून सांगा.

प्रश्न : रस्त्यावरचं दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू घरी आणलंय. कान ओरबाडून मागची कातडी सोललीय आणि आत काळा भुगा आहे. घरात कुत्राही आहे. त्याच्या गोचिडांचा स्प्रे पिल्लाला चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्प्रे मारू नका. गोचिडांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. चुकून लागलंच तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने कोमट पाण्यात धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. कुत्र्याच्या मानेवर परमेथ्रिनचं औषध लावलं असेल तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा ही कानातल्या माइट्सची, म्हणजे सूक्ष्म किड्यांची, नेहमीची खूण आहे. थोडा मळ काळ्या कागदावर घेऊन भिंगाने बघा. पांढरे ठिपके हलताना दिसतात. दिसले नाहीत तरी शंका सोडू नका, मायक्रोस्कोपखाली खात्री होते. यावर मानेवर लावायचं स्पॉट-ऑन (सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनचं) मिळतं. मात्र पिल्लाचं वय आणि वजन बघून डॉक्टरच ते ठरवतील. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली तरी सांगितलेली पुढची मात्रा चुकवू नका. कुत्र्यावरही त्याच वेळी उपचार हवेत, नाहीतर किडे एकमेकांकडे फिरत राहतात. अंथरुणं गरम पाण्यात धुवून उन्हात टाका.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये माळरानावर फिरून आलो आणि कुत्रा अचानक एकच कान झटकायला लागला, मान तिरकी धरतो. संध्याकाळी जरा शांत झाला. (एक वाचक, सासवड)

उत्तर : कानात कुसळ गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. पावसाळा संपता संपता कुसळी गवत वाळतं. त्याच्या टोकदार बियांवर मागे वळलेले केस असतात, त्यामुळे ती पुढेच सरकते, मागे येत नाही. झटकणं कमी झालं म्हणजे कुसळ निघालं असं नाही. ते पडद्यापर्यंत पोचून पडद्याला भोकही पाडू शकतं. काहीही न घालता त्याच दिवशी न्या. बहुतेकदा गुंगी देऊन, ओटोस्कोपमधून (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणातून) बघत, लांब चिमट्याने काढावं लागतं. यापुढे माळावरून आल्यावर कानाच्या तोंडाशी आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा.

प्रश्न : खाजवून खाजवून कुत्र्याच्या कानाची पाळी फुगलीय, दाबल्यावर आत पाणी असल्यासारखं लागतं. सुईने काढावं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : घरी नाही. डोकं जोरात झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कातडी व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. नुसतं सुईने काढलं तर ते पुन्हा भरतं, आणि सुईबरोबर संसर्ग आत जातो. तसंच सोडलं तर महिन्याभरात पाळी आकसून कायमची वाकडी होते. डॉक्टर रक्त काढून टाके घालतात किंवा नळी ठेवतात. मूळ खाज कशामुळे होती तेही त्याच भेटीत तपासून घ्या, नाहीतर टाके असतानाही तो डोकं झटकत राहील. जखम भरेपर्यंत गळ्यातली शंकूसारखी संरक्षक कॉलर (खाजवू नये म्हणून घालतात ती) काढू नका, जेवतानासुद्धा. वाटी उंचावर ठेवली की कॉलर घालूनही त्याला खाता येतं.