परदेशी खतशिफारशी आणि आपला हिशेब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा चुलतभाऊ ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतावर काम करतो. त्याने पाठवलेल्या फोटोत डीएपीच्या गोणीवर १८-२०-० (नत्र-स्फुरद-पालाश, टक्के) छापलेले आहे. आपल्याकडे १८-४६-० असते. तिकडचे डीएपी हलके आहे का? (वाचक, लातूर)

उत्तर: खत तेच आहे, छापायची रीत वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात स्फुरद आणि पालाश मूलद्रव्याच्या (P, K) रूपात लिहितात, आपण ऑक्साइडच्या (P₂O₅, K₂O) रूपात. ४६ ला ०.४३६ ने गुणा, २० येतात. मूलद्रव्यावरून आपल्या हिशेबात यायचे तर स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशला १.२ ने गुणायचे. न्यूझीलंड, आयर्लंड, डेन्मार्क, स्वीडन इथेही मूलद्रव्यच छापतात. आयर्लंडमधले १०-१०-२० आपल्या भाषेत १०-२३-२४ होते, म्हणजे आपल्या १०-२६-२६ च्या अगदी जवळचे खत. दक्षिण आफ्रिकेत तर गोणीवर २:३:२ (२२) असे असते. ते प्रमाण आहे आणि कंसात एकूण अन्नद्रव्यांची टक्केवारी, तीही मूलद्रव्यात. म्हणजे नत्र ६.३, स्फुरद ९.४, पालाश ६.३ टक्के.

चूक होते ती इथेच. तिकडच्या शिफारशीत हेक्टरी २० किलो स्फुरद वाचून कोणी आपल्या डीएपीतून २० किलो ऑक्साइड दिले, तर पिकाला ९ किलोही मूलद्रव्य मिळत नाही. ब्रिटनचा तक्ता ऑक्साइडमध्ये असतो, पण तिथे गंधकही ऑक्साइडमध्ये लिहितात, त्याला ०.४ ने गुणल्यावर आपला गंधक मिळतो. अमेरिकेचे पौंड प्रति एकर असतील तर १.१२ ने गुणून किलो प्रति हेक्टर करा.

प्रश्न: मी कृषी पदविकेला आहे. युरोपात तरी सगळीकडे एकच माती परीक्षण आणि एकच शिफारस असेल ना? तिकडचा तक्ता आपल्या अहवालाला लावता येईल का? (विद्यार्थी, बारामती)

उत्तर: नाही. फक्त स्फुरदासाठीच युरोपात दहाहून अधिक पद्धती चालतात, प्रत्येकीत मातीतून स्फुरद काढायचे द्रावण वेगळे. जर्मनी-ऑस्ट्रियात कॅल्शियम अॅसिटेट-लॅक्टेट, स्वीडन-नॉर्वेत अमोनियम लॅक्टेट, इंग्लंडमध्ये ओल्सेन.

आयर्लंड बेटावरची सीमा पाहिली की फरक लगेच कळतो. दक्षिणेला आयर्लंड प्रजासत्ताक आहे. तिथे चागस्क ही संस्था सल्ला देते, स्फुरद मॉर्गन पद्धतीने काढतात आणि मातीचा नमुना १० सेंटिमीटर खोलीचा घेतात. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनप्रमाणे ओल्सेन पद्धत आहे आणि गवताच्या रानात नमुना ७.५ सेंटिमीटरचा. आता अहवालात ७ मिलिग्रॅम प्रति लिटर असा आकडा आला असे धरा. दक्षिणेत गवतासाठी ५.१ ते ८.० म्हणजे इंडेक्स (सुपीकतेचा वर्ग) ३, हीच हवी असलेली पातळी. पिकातून जेवढे गेले तेवढेच परत द्यायचे. उत्तरेत ० ते ९ म्हणजे इंडेक्स ०, सगळ्यात गरीब जमीन, स्फुरद भरपूर द्या. तिथे अपेक्षित पातळी १६ ते २५ आहे. वर गोणीही वेगळी: दक्षिणेत मूलद्रव्य, उत्तरेत ऑक्साइड. सीमेपलीकडचा तक्ता आपल्या अहवालाला लावला की एकाच वेळी तीन गोष्टी चुकतात.

कारण साधे आहे. प्रत्येक द्रावण मातीतला स्फुरदाचा वेगळा हिस्सा ओढून काढते. त्या आकड्याला अर्थ येतो तो त्या देशातल्या मातीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या प्रयोगांमुळे. म्हणून एका पद्धतीचा आकडा ठरावीक गुणकाने दुसऱ्या पद्धतीत नेणे धोक्याचे आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर नकोच: ब्रे या आम्लाच्या द्रावणाने स्फुरद काढायच्या पद्धतीतले आम्ल चुनखडीतच खर्च होते आणि स्फुरद खोटाच कमी दिसतो. आपल्याकडे काळ्या, विम्ल जमिनींना ओल्सेन आणि कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे वापरतात ते याचमुळे.

तुलना करायचीच असेल तर आधी एकक जुळवा. आपल्या अहवालातले किलो प्रति हेक्टर २.२४ ने भागले की पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) मिळतात (१५ सेंटिमीटर थराचे वजन २२.४ लाख किलो धरलेले असते). म्हणजे १८ किलो म्हणजे ८ पीपीएम. जर्मन अहवालातले मिलिग्रॅम प्रति १०० ग्रॅम १० ने गुणा. मग पद्धतीचे नाव आणि नमुन्याची खोली तपासा. पद्धत वेगळी निघाली तर आकडा सोडून द्या, फक्त वर्ग बघा: कमी, मध्यम, भरपूर. आणि त्या वर्गाला तो देश काय करतो ते बघा: फक्त पिकापुरते देतो, की जमिनीचा साठाही वाढवतो. दोन देशांच्या शिफारशींतला मोठा फरक बहुतेक वेळा इथून येतो.

प्रश्न: इंग्लंडमध्ये गव्हाला हेक्टरी २२० किलो नत्र देतात, आपण १२०. आपण कमी पडतो का? (वाचक, निफाड)

उत्तर: त्यांचा २२० चा आकडा ८ टन उत्पादन गृहीत धरून, मध्यम जमिनीसाठी आणि मातीत नत्राचा साठा कमी असताना आहे. टनामागे साधारण २७ किलो. आपल्या बागायती वेळेवर पेरणीच्या १२०:६०:४० (हेक्टरी किलो नत्र, स्फुरद, पालाश) मधून हेक्टरी ४० क्विंटल धरले तर टनामागे ३० किलो होतात. आपण कमी देत नाही. त्यांचा गहू ऑक्टोबरात पेरून ऑगस्टमध्ये निघतो, आपला चार महिन्यांत. तिकडचे बहुतेक नत्र खोड वाढीला लागल्यावर जाते. आपल्याकडे अर्धे पेरणीला आणि उरलेले २१ दिवसांच्या पाण्याआधी द्यायचे. शंभर किलो वाढवलेत तर गहू लोळेल, दाणे वाढणार नाहीत.

शिफारशीत कायदाही मिसळलेला असतो. डेन्मार्कने १९९८ नंतर बरीच वर्षे नत्राची मर्यादा किफायतशीर मात्रेपेक्षा खाली ठेवली होती, पाण्यातला नायट्रेट कमी करण्यासाठी. त्या काळातला डॅनिश आकडा पिकाची गरज सांगत नाही.

प्रश्न: पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीसाठी डच तक्ता मिळाला आहे, मिलिमोलमध्ये. तो कसा वापरू? बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट ३६६ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि कॅल्शियम ८० आहे. (वाचक, जुन्नर)

उत्तर: मिलिमोलला अणुभाराने गुणले की मिलिग्रॅम मिळतात: नत्र १४, स्फुरद ३१, पालाश ३९, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४. पण खरी अडचण पाण्याची आहे. डच तक्ता बहुधा पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर बेतलेला असतो, त्यात बायकार्बोनेट जवळपास नसते. तुमचे ३६६ भागिले ६१ म्हणजे ६ मिलिमोल. त्यातले १ राहू द्या, ५ मारा. नायट्रिक आम्लाने मारलेत तर तेवढेच ५ मिलिमोल नायट्रेट पाण्यात येते, म्हणजे लिटरला ७० मिलिग्रॅम नत्र. १,००० लिटरला ६० टक्के नायट्रिक आम्ल सुमारे ३८० मिली लागेल. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

समजा तक्त्यात कॅल्शियम ५ आणि नायट्रेट १५.५ आहे. कॅल्शियम ८० मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिमोल पाण्यातच आहे, त्यामुळे खतातून ३ च द्यायचे. त्या कॅल्शियम नायट्रेटबरोबर सुमारे साडेसहा नायट्रेट येते. आम्लाचे ५ धरून साडेअकरा झाले, उरलेले ४ पोटॅशियम नायट्रेटमधून द्या. बाकीचा पालाश मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि पोटॅशियम सल्फेटमधून. ही वजाबाकी न करता तक्ता जसाच्या तसा वापरला की नत्र जास्त होते, पाला माजतो आणि फळधारणा मागे पडते. कॅल्शियम नायट्रेटची टाकी सल्फेट आणि फॉस्फेटपासून वेगळी ठेवा, नाहीतर खाली पांढरा गाळ बसून ड्रीपर बंद होतात.

आणखी एक तपासा. असे बहुतेक तक्ते रॉकवूलसाठी (मातीऐवजी वापरायचे खनिज तंतूंचे माध्यम) असतात, तिथे दिलेल्या पाण्यातले २० ते ३० टक्के निचऱ्यातून बाहेर जाते. तुमचे बेड मातीचे असतील तर क्षार तिथेच साठतात. मातीतल्या पिकासाठी डच लोक १:२ आकारमानाच्या (एक भाग माती, दोन भाग पाणी) अर्काची चाचणी करून मात्रा बदलतात. बेडमधून महिन्यातून एकदा नमुना काढून ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप) मोजा. तो चढत असेल तर खत एक चतुर्थांशाने कमी करा आणि फेरतपासणीआधी एक पाळी नुसत्या पाण्याची द्या.